मरणाच्या दारातला कैदी : माफी कोणाची, मोकळीक कोणाची?

रमजान सुरू झाला की सेनगावच्या मशिदीत रात्रीच्या तरावीहच्या नमाजमध्ये कुरआन पहिल्यापासून क्रमाने ऐकवला जातो. सुरुवातीच्या दोन-तीन रात्रींतच सूरह बकरह ही दुसरी सूरह बरीच पुढे गेलेली असते. रोजा फर्ज असल्याचा आदेश याच सूरहच्या १८३व्या आयतीत आहे. रमजानमधल्या प्रवचनांत आणि पत्रकांत तो हमखास सांगितला जातो. त्या आयतीच्या अगदी आधी काय आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. १७८ आणि १७९ या आयती खुनाबद्दल आहेत. १८० ते १८२ या आयती मरण समोर दिसत असलेल्या माणसाच्या मृत्युपत्राबद्दल आहेत. मग रोजाचा आदेश येतो आणि लगेच १८४व्या आयतीत आजारी माणसाला रोजातून सवलत मिळते.

खून, मरण, रोजा आणि आजार हे चार विषय इतके शेजारी शेजारी आहेत की त्यातून एक प्रश्न आपोआप उभा राहतो. एखाद्याने खून केला, न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, आणि शिक्षा भोगत असताना त्याला बरा न होणारा आजार जडला. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन-तीन महिने. अशा माणसाला सरकारने घरी मरू द्यावे की तुरुंगातच?

बहुतेकांचे पहिले उत्तर कठोर असते, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्याला त्याने मारले, त्याला घरच्यांचा निरोप घेता आला होता का? त्याच्या तोंडात कोणी पाणी घातले होते का? या सवालाला जवाब दिल्याशिवाय दयेची भाषा बोलणे म्हणजे मृताच्या घरच्यांच्या जखमेवर मीठ चोळणे आहे. म्हणून आधी त्यांच्याकडूनच सुरुवात करायला हवी.

माफीचा हक्क कोणाचा?

१७८वी आयत खुनाच्या बदल्यात बरोबरीची शिक्षा मान्य करते. तिला 'किसास' म्हणतात. पण त्याच आयतीत मृताच्या वारसाला माफ करण्याची मुभा आहे. तो माफ करून 'दियत' म्हणजे खूनभरपाई घेऊ शकतो. या आयतीचा एक बारकावा उलमा आवर्जून सांगतात. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्या वारसाला ही आयत खुन्याचा 'भाऊ' म्हणते. खून झाल्यावरही दोघांमधले माणूसपणाचे नाते तुटले असे ती मानत नाही. मात्र माफ कर, अशी सक्तीही ती वारसावर करत नाही.

इस्लामी विचारात हक्कांचे दोन भाग केले जातात. 'हुकूकुल्लाह' म्हणजे अल्लाहचे हक्क आणि 'हुकूकुल इबाद' म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. नमाज चुकली, रोजा राहिला, तर माणूस अल्लाहपुढे तौबा करू शकतो. पण दुसऱ्या माणसाचे नुकसान केले असेल, तर ज्याचे नुकसान झाले त्याने माफ केल्याशिवाय हिशोब मिटत नाही. रमजानमध्ये मुसलमान मगफिरत म्हणजे क्षमा मागतात, तेव्हाही हा नियम सुटत नाही. शेजाऱ्याचा धुरा कोरून घेतलेला माणूस रात्रभर इबादत करत बसला, तरी ती जमीन परत केल्याशिवाय त्याची सुटका नाही.

आपल्या देशाचा कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. इथे खून हा सबंध समाजाविरुद्धचा गुन्हा असतो. खटल्याचे नावच 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असे असते. त्यात मोठा शहाणपणा आहे. वारस गरीब असेल, घाबरलेला असेल, पैशाने किंवा दहशतीने त्याचे तोंड बंद केले असेल, तरी राज्य खटला सोडत नाही. पण याचा एक परिणाम असा की मृताची विधवा स्वतःच्या नवऱ्याच्या खटल्यात फक्त साक्षीदार उरते. आणि पुढे शिक्षा कमी करायची वेळ येते, तेव्हा तिला विचारण्याची खात्रीही नसते.

याची सर्वात कडू आठवण बिल्किस बानो प्रकरणाची आहे. ३ मार्च २००२ रोजी गुजरातमध्ये बिल्किस यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातल्या अनेकांना ठार करण्यात आले. खटला मुंबईत चालला आणि जानेवारी २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी या अकराही जणांना शिक्षेत सूट देऊन सोडण्यात आले. ते मरणाच्या दारात नव्हते. बाहेर आल्यावर त्यांना हार घालण्यात आले. ज्या बाईवर हे सगळे गुदरले, तिला कोणी विचारले नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने असा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हता, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कैद्यांवर दया करण्याविषयी बोलणाऱ्याने हे प्रकरण कायम डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

सेनगाव ते हर्सूल

आता कायद्याची वाट पाहू. समजा, तालुक्यातल्या एखाद्या गावात धुऱ्याच्या वादातून भावकीत कुऱ्हाड चालली, एक जण गेला आणि दुसऱ्याला जन्मठेप झाली. असा कैदी बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहात जातो. सहाव्या वर्षी त्याला पोटाचा कर्करोग निघाला आणि तो शेवटच्या टप्प्यात आहे. तुरुंगाच्या दवाखान्यात इलाज नाही, म्हणून घाटी रुग्णालयात न्यायचे. न्यायचे म्हणजे सोबत पोलीस गार्ड हवा. बंदोबस्तात गार्ड मिळाला नाही की तपासणीची तारीख हुकते. सेनगावहून त्याच्या म्हाताऱ्या आईला भेटायला जायचे, तर एसटीचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी बुडते.

या माणसाला घरी पाठवायला कायद्यात दार आहे का? दंड प्रक्रिया संहितेत १९७८ साली ४३३-अ हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, असे ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच नियम कलम ४७५ म्हणून कायम आहे. खुनाला फाशीची तरतूद असल्याने जन्मठेप झालेला प्रत्येक खुनी यात येतो. आजारपणाचा अपवाद या कलमात नाही. आपल्या उदाहरणातल्या कैद्याची सहाच वर्षे झाली आहेत. त्याला आणखी आठ वर्षे जगावे लागेल, तेव्हा त्याचा अर्ज विचारात येईल.

सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम खटल्यात हे कलम वैध ठरवले. त्याच वेळी राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा घटनेतला दयेचा अधिकार या कलमाने अडत नाही, हेही सांगितले. म्हणजे अनुच्छेद १६१ खाली राज्यपाल त्याला आजही सोडू शकतात. राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. तुरुंग अधीक्षक, पोलीस ठाणे, जिल्हा प्रशासन आणि गृह विभाग असा फाइलीचा प्रवास असतो. अपील उच्च न्यायालयात प्रलंबित असेल, तर शिक्षा तात्पुरती स्थगित करून जामीन मागता येतो. तुरुंगाच्या नियमांत संचित रजा आणि अभिवचन रजा आहेत, ज्यांना लोक फर्लो आणि पॅरोल म्हणतात. त्या ठरावीक दिवसांच्या असतात. कर्करोग मात्र फाइलीसाठी थांबत नाही.

केंद्र सरकारने २०१८ साली महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त कैद्यांना विशेष सूट देण्याची योजना आणली. २ ऑक्टोबर २०१८, ६ एप्रिल २०१९ आणि २ ऑक्टोबर २०१९ असे तिचे तीन टप्पे होते. दुर्धर आजाराने मरणपंथाला लागलेले कैदी या योजनेत होते. पण ज्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा आहे, त्यातले कैदी वगळले होते. म्हणजे मरायला टेकलेला चोर घरी जाऊ शकत होता आणि मरायला टेकलेला खुनी जाऊ शकत नव्हता. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवी योजनेतही जन्मठेपेचे कैदी बाहेरच राहिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले. त्यातले १,७७३ मृत्यू नैसर्गिक, म्हणजे मुख्यतः आजाराने आणि वयाने झालेले होते. यात कच्चे कैदीही आले. तुरुंगातला मृत्यू नैसर्गिक असला तरी तो कोठडीतला मृत्यू मानला जातो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावे लागते, पंचनामा, शवविच्छेदन आणि चौकशी होते. हे नियम कैद्याच्या संरक्षणासाठी आहेत आणि ते हवेतच. पण घरच्यांसाठी त्याचा अर्थ असा की शेवटचा श्वास कोणी पाहत नाही आणि मयत मिळायलाही वेळ लागतो. कलमा कानावर घालायला, गंगाजलाचा थेंब तोंडात सोडायला किंवा त्रिशरण म्हणायला उशाशी कोणी नसते.

एकाच वर्षातल्या चार गोष्टी

या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहायच्या असतील, तर २००९ हे एकच वर्ष पुरेसे आहे.

त्या वर्षी २० ऑगस्टला, रमजान अगदी तोंडावर आलेला असताना, स्कॉटलंडच्या न्यायमंत्र्यांनी अब्दुल बासित अल-मग्रही या लिबियन कैद्याला सोडले. २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबी गावावर विमान स्फोटाने पडले आणि २७० माणसे मेली. त्या प्रकरणात त्याला २००१ साली जन्मठेप झाली होती. त्याला प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तीन महिन्यांच्या आसपास आयुष्य उरल्याचे वैद्यकीय मत होते. न्यायमंत्री केनी मॅकॅस्किल यांनी त्याला निर्दोष ठरवले नाही, शिक्षाही पुसली नाही. मरायला घरी जाऊ दिले, एवढेच. ट्रिपोलीत त्याचे जल्लोषात स्वागत झाले. मृतांच्या अनेक अमेरिकी कुटुंबांना तो जिव्हारी लागला. दुसरीकडे, या स्फोटात मुलगी गमावलेले ब्रिटिश डॉक्टर जिम स्वायर यांना मग्रहीच्या दोषाबद्दलच शंका होती आणि सुटकेला त्यांचा विरोध नव्हता. तीन महिन्यांचा अंदाज चुकला. मग्रही २० मे २०१२ रोजी, म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षांनी मेला.

दोनच आठवड्यांनी, २ सप्टेंबर २००९ रोजी, रमजान चालू असताना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सुसान ॲटकिन्स या कैदी बाईला पॅरोल मंडळापुढे स्ट्रेचरवरून आणण्यात आले. १९६९ साली अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांच्या हत्याकांडात तिचा हात होता. शॅरन टेट तेव्हा गरोदर होती. ॲटकिन्सने जवळपास चाळीस वर्षे तुरुंगात काढली होती. मेंदूच्या कर्करोगाने ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचा एक पाय कापला होता. आदल्या वर्षी तिचा दयेचा अर्ज फेटाळला गेला होता. या वेळीही नकार मिळाला. २४ सप्टेंबरला ती तुरुंगातच मेली.

त्याच महिन्यात दिल्लीत जेसिका लाल खून खटल्यातला जन्मठेपेचा कैदी मनू शर्मा पॅरोलवर बाहेर आला. आईचे आजारपण हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते. पुढे तो दिल्लीतल्या एका नाइट क्लबमध्ये दिसल्याच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो तिहारमध्ये परतला.

आणि डिसेंबर २००९ मध्ये मराठवाड्याला जवळची असलेली गोष्ट घडली. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत वरळीच्या घरी भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर त्यांचे धाकटे भाऊ प्रवीण यांनी गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी प्रमोद महाजन यांचे निधन झाले. अंबाजोगाईच्या या कुटुंबात मारला गेलेलाही घरचाच होता आणि मारणाराही घरचाच. डिसेंबर २००७ मध्ये प्रवीण यांना जन्मठेप झाली. दोन वर्षांनी नाशिकरोड कारागृहातून ते काही दिवसांच्या रजेवर आले होते. त्या रजेतच ११ डिसेंबर २००९ रोजी त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. ठाण्याच्या रुग्णालयात ते बेशुद्धावस्थेत होते. त्यांना परत तुरुंगात नेण्यात आले नाही. ३ मार्च २०१० रोजी रुग्णालयातच त्यांचा मृत्यू झाला.

प्रवीण महाजन यांची १४ वर्षे झाली नव्हती. शिक्षेत सूट मिळण्याचा त्यांचा हक्क कुठेच नव्हता. ते तुरुंगाबाहेर मेले, कारण रक्तस्राव झाला तेव्हा ते रजेवर होते. त्यामुळे राज्यात कुणाचे नुकसान झाले, कायद्याचा धाक कमी झाला किंवा जन्मठेप हास्यास्पद झाली, असे कोणी म्हणत नाही. बेशुद्ध माणसाला बेडी घालून न्याय वाढला नसता. प्रश्न एवढाच आहे की जे रजेच्या योगायोगाने घडले, ते नियमाने का घडू नये?

सुटका आणि माफी या दोन वस्तू

या प्रश्नावरचे बहुतेक भांडण दोन वस्तू एकच समजल्याने होते. मरणासन्न कैद्याला सोडले, म्हणजे सरकारने त्याला माफ केले, असे लोकांना वाटते. मृताच्या घरच्यांना तर तसे वाटतेच. पण सरकारला माफ करण्याचा नैतिक हक्क नाही. नवरा सरकारचा गेलेला नाही. माफी ही त्या विधवेची, त्या आईची, त्या लेकरांची आहे. ती त्यांनी द्यावी किंवा कधीच देऊ नये. सरकारच्या हातात कैद्याचा ताबा आहे, तेवढाच सरकारने सैल करावा.

हा फरक सीरतमधल्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रातल्या, एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे चुलते हजरत हमजा (रजि.) यांना वहशी नावाच्या भालाफेक्याने मारले. त्यांच्या देहाची विटंबनाही झाली. पाच वर्षांनी, हिजरी ८ च्या रमजानमध्ये, मक्का जिंकली गेली आणि कालपर्यंतच्या शत्रूंना सर्वसाधारण अभय देण्यात आले. पुढे वहशीही शरण आले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. पैगंबर (स.) यांनी त्यांना जीवदान दिले. मात्र त्यांनी वहशी (रजि.) यांना एक विनंती केली, की जमल्यास आपल्या नजरेसमोर येऊ नये. वहशी (रजि.) यांनी ती आयुष्यभर पाळली.

ज्यांना रहमत म्हणजे करुणेचा आदर्श मानले जाते, त्यांनीही दुःख झाकले नाही. जीव घेतला नाही, पण समोर बसवून घेण्याची सक्तीही स्वतःवर करून घेतली नाही. मरणासन्न कैद्याच्या सुटकेचा नियम याहून चांगला कुठे सापडेल? त्याला जाऊ द्या. पण मृताच्या घरच्यांनी त्याला पाहिलेच पाहिजे, त्याच्या दारावरून गेलेच पाहिजे, त्याचे स्वागत सहन केलेच पाहिजे, असे करू नका.

इतर धर्मपरंपरांतही याचे पडसाद आहेत. बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची कथा सर्वांना माहीत आहे. तथागतांनी त्याला संघात घेतले. पण तो भिक्षेला निघाला की लोक दगड मारत आणि तो रक्तबंबाळ होऊन परतत असे. तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितले, लोकांना दोष दिला नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले आहे. करुणा आणि गुन्ह्याची आठवण या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या मातीला नवे नाही.

अंदाज चुकला तर?

आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यावे लागेल.

पहिला आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. पैसेवाला कैदी आजारी पडतो, गरीब कैदी मरतो, असे लोक उगाच म्हणत नाहीत. राज्यात २००६ पासूनच्या एका धोरणात पासष्टी ओलांडलेल्या, शरीराने थकलेल्या आणि १४ वर्षे भोगलेल्या कैद्याला मुदतीआधी सोडण्याची तरतूद होती. ती कुणाच्या नावाने गाजली? नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधल्या खुनात जन्मठेप झालेल्या अरुण गवळी यांच्या. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांना या धोरणाचा लाभ देण्यास सांगितले, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि शेवटी २८ ऑगस्ट २०२५ रोजी वय आणि तुरुंगातली सतरा वर्षे पाहून जामीन दिला. गवळी यांना कायद्याने जे मिळत होते ते त्यांनी मागितले, त्यात गैर नाही. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील उभा करणे हर्सूलमधल्या शेतमजुराला जमणार नाही. याचा इलाज तरतूद काढून टाकण्यात नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांचे मंडळ, ठरावीक मुदतीत अहवाल आणि प्रत्येक तुरुंगाने अशा कैद्यांची यादी स्वतःहून तयार करणे, यात इलाज आहे. कैद्याने अर्ज करायची वाट पाहिली, तर ज्याला लिहिता येते तोच सुटतो.

दुसरा आक्षेप मग्रहीचा. तो पावणेतीन वर्षे जगला, म्हणजे फसवणूक झाली का? डॉक्टर अंदाज सांगतात, तारीख सांगत नाहीत. म्हणून सुटका कायमची न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी आणि तब्येत खरोखर सुधारली तर परत बोलवावे. माणूस परत येईल का, अशी शंका असेल तर अजमेरचे प्रकरण आठवावे. पाकिस्तानचे वृद्ध शास्त्रज्ञ डॉ. खलील चिश्ती यांना १९९२ मधल्या हाणामारीतल्या मृत्यूबद्दल जानेवारी २०११ मध्ये जन्मठेप झाली. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वय आणि प्रकृती पाहून जामीन दिला, मग कराचीला जाण्याची परवानगीही दिली. ते गेले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याच वर्षी भारतात परत आले. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांची खुनाची शिक्षा रद्द केली आणि दुखापतीच्या गुन्ह्यासाठी भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. तुरुंगातच त्यांचे डोळे मिटले असते, तर ते खुनी म्हणून गेले असते.

तिसरा आक्षेप गावाचा. तो सर्वात गंभीर आहे. शहरात खुनी आणि वारस वेगवेगळ्या उपनगरांत राहतात. सेनगाव तालुक्यातल्या खेड्यात त्यांची घरे एकाच गल्लीत असतात, विहीरही सामाईक असते. सुटून आलेला कैदी खाटेवर पडलेला असला, तरी त्याच्या घरी येणारे पाहुणे, वाजणारे फोन, शेजारच्या अंगणातून दिसतात. साक्ष दिलेले लोक घाबरतात. जुने वैर पेटू शकते. म्हणून सुटकेच्या आधी वारसांचे म्हणणे लेखी घेतले पाहिजे. त्यांना नकाराधिकार देणे योग्य नाही, कारण मग सगळे गाव त्यांच्या दारात येऊन माफीसाठी गळ घालेल आणि तोही एक जुलूमच होईल. पण तो कुठे राहील, गावात येईल की नातेवाइकाकडे दुसऱ्या गावी किंवा रुग्णालयात राहील, मिरवणूक-स्वागत होणार नाही, या अटींवर त्यांचा शब्द चालला पाहिजे. हजरत वहशी (रजि.) यांना नजरेआड राहायला सांगितले गेले होते, ते याच कारणाने.

आपल्याकडे काय करता येईल?

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ रोजी, मानवी हक्क दिनी, वृद्ध आणि दुर्धर आजारी कैद्यांसाठी देशव्यापी मोहीम सुरू केली आणि २०२५ मध्ये अशा कैद्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. ज्यांचा माणूस तुरुंगात आजारी आहे, त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा. एजंटाला पैसे देऊ नयेत.

याच यंत्रणेचे दुसरे काम लोकांना कमी माहीत आहे. गुन्ह्यात बळी गेलेल्यांच्या घरच्यांना राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेतून मदत मिळू शकते आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. कितीतरी विधवांना हे कोणी सांगितलेलेच नसते. खुन्याच्या आजाराची फाइल हलते आणि मृताच्या लेकरांच्या शाळेच्या फीची कोणाला आठवण नसते, असे होत असेल तर लोकांनी दयेवर विश्वास ठेवावा तरी कसा? मरणासन्न कैद्याच्या सुटकेचा अर्ज ज्या दिवशी टेबलावर येईल, त्याच दिवशी वारसांना भरपाई मिळाली का, हेही तपासले जावे. दियतच्या कल्पनेमागेही हाच विचार आहे. नुसती क्षमा हवेत राहते, मागे उरलेल्यांच्या पोटाचीही सोय झाली पाहिजे.

रमजानमध्ये काही ठिकाणी दंड भरून गरीब कैद्यांना सोडवले जाते आणि ते पुण्याचे काम मानले जाते. ते आहेच. यंदा सदक्याचा काही वाटा तालुक्यातल्या अशा घरांपर्यंतही जावा, ज्यांचा कर्ता माणूस खुनात गेला. ते घर कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे विचारण्याची गरज नाही.

त्या घरातल्या माणसांना माफ करा म्हणून कोणी सांगू नये. त्यांच्या दुःखाची विचारपूस करावी, भरपाईचा अर्ज भरून द्यावा, लेकरांची पुस्तके घ्यावीत. आणि हर्सूलच्या किंवा नाशिकरोडच्या बराकीत कोणी शेवटचे दिवस मोजत असेल, तर त्याला घरच्यांच्या हातचे पाणी मिळावे, एवढी मोकळीक सरकारने नियम करून द्यावी. बाकीचा हिशोब त्याच्या आणि त्याच्या निर्मात्याच्या मध्ये आहे. तिथे कोणाची शिफारस चालत नाही.